ससाणे मळ्यातला दवाखाना

हडपसरच्या गाडीतळावर उतरून ‘ससाणेनगर’ म्हटलं की रिक्षावाला पत्ता विचारत नाही. मळे गेले, मोटा गेल्या, ऊसही गेला. नाव तेवढं राहिलं. शेजारच्या मुंढव्याकडे जाताना मगरपट्ट्याच्या काचेच्या इमारती लागतात आणि मांजरीच्या अंगाला लसींचा जगातला एक मोठा कारखाना. १८९७ साली हा सगळा पुण्याबाहेरचा मोकळा मुलूख होता. शेतं, कालव्याचं पाणी आणि वाड्या-वस्त्या. त्याच ससाण्यांच्या मळ्यात त्या वर्षी प्लेगच्या रोग्यांसाठी एक दवाखाना उघडला. डॉक्टर होता यशवंत फुले आणि रोगी शोधून आणायचं काम त्याच्या सहासष्ट वर्षांच्या आईनं अंगावर घेतलं होतं. तिचं नाव सावित्रीबाई.

पुढची गोष्ट शाळेतल्या मुलांनाही पाठ आहे. मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग बाबाजी गायकवाड या मुलाला गाठ आली. सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेतलं आणि दवाखान्यात आणलं. मुलगा वाचला. सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

चारच वाक्यं. दर ३ जानेवारीला आणि १० मार्चला ती भाषणांत म्हटली जातात. टाळ्या पडतात, फोटोला हार घातला जातो, आणि त्या चार वाक्यांच्या आत शिरायचं राहून जातं. आत शिरायला दोन गोष्टींची माहिती लागते. रोग कसा चालतो हे कळावं लागतं आणि एकोणिसाव्या शतकातली बाई कशी जगत होती हेही. वैद्यकीय लेखन करणारी व्यक्ती जेव्हा स्त्रीहक्कांच्या इतिहासावर कथा-कादंबरी लिहायला बसते, तेव्हा या दोन्ही गोष्टी एकाच टेबलावर येतात. ही प्रस्तावना त्या जोडकामाची ओळख करून देण्यासाठी आहे. ती हडपसरपासून सुरू करायचं कारण म्हणजे मराठी मुलखात हे दोन धागे इतके घट्ट विणलेली दुसरी जागा सहज सापडत नाही.

पाठीवर घेण्याचीच गोष्ट पाहा. गाठीच्या प्लेगमध्ये गाठ येते ती बहुतेकदा जांघेत, नाहीतर काखेत किंवा मानेला. पिसू पायाला चावली तर जांघेत येते. ती इतकी दुखते की रोगी मांडी पोटाशी ओढून पडतो, पाय सरळ करू देत नाही. आता मुलाला पाठीवर घ्यायचं म्हणजे त्याचे पाय फाकवून दोन्ही मांड्यांखाली हात घालायचा. गाठ जांघेत असेल तर पावलागणिक कळ. काखेत असेल तर मुलाला गळ्याला मिठी मारता येणार नाही. म्हणजे त्याचा सगळा भार नेणाऱ्या बाईच्या हातांवर आणि कमरेवर. ताप चढलेला, डोळे लाल, तोंडाला कोरड, मूल बरळतंय. चित्रांतून दिसणारी सावित्रीबाई ताठ चालते. प्रत्यक्षात ती ओणवी झाली असेल, दर थोड्या अंतरावर थांबली असेल, मुलाला खाली ठेवून पुन्हा उचललं असेल. गाठ कुठे होती हे लिहिणाऱ्याला ठरवावं लागतं, आणि एकदा ठरवलं की सगळा प्रसंग त्याप्रमाणे हलतो. वैद्यकाची जाण कथेला लागते ती अशा ठिकाणी.

दुसरा हिशेब दिवसांचा. गाठीच्या प्लेगची लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला साधारण दोन ते आठ दिवस जातात. उपचार नसतील तर त्यानंतर आठवडाभरातच बहुधा निकाल लागतो. १० मार्चपासून मागे मोजत गेलं की मुंढव्याची ती फेरी फेब्रुवारीच्या अखेरीस किंवा मार्चच्या पहिल्या दिवसांत येते. उन्हाची तलखी सुरू झालेली. आधीच्या वर्षी पाऊस दगा देऊन गेलेला, त्यामुळे दुष्काळाचंही वर्ष. रोग्याला आणि त्याला उचलणारीला, दोघांनाही पोटभर मिळत होतं असं धरून लिहिता येणार नाही.

आणि तिसरी गोष्ट, जी कादंबरीकाराने क्षणभरही विसरू नये: प्लेग पिसूमुळे पसरतो हे तेव्हा जगात कुणाला ठाऊक नव्हतं. रोगाचा जिवाणू अलेक्झांडर येर्सिनने १८९४ साली हाँगकाँगमध्ये शोधला होता. उंदरावरची पिसू तो माणसापर्यंत आणते, हे पॉल-लुई सिमाँने कराचीत दाखवलं १८९८ साली, म्हणजे सावित्रीबाई गेल्यावर वर्षाने; ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षं गेली. सावित्रीबाईंना छूत लागते एवढं माहीत होतं. मुलाच्या गोधडीतून उडी मारणाऱ्या पिसवेचा धोका माहीत नव्हता. आज लिहिणाऱ्याला तो माहीत आहे. त्याने ती पिसू वाचकाला दाखवावी की नाही, हा शैलीचा प्रश्न आहे. सावित्रीबाईंच्या तोंडी तिचा उल्लेख आला तर मात्र ती चूक ठरेल. तशीच दुसरी चूक छापील मजकुरात वारंवार दिसते. प्लेगचा ‘विषाणू’ म्हटलं जातं. तो जिवाणू आहे, आणि हा फरक किरकोळ नाही. म्हणूनच आज प्लेग प्रतिजैविकांनी बरा होतो. त्या काळी लोक ‘गाठीचा ताप’ म्हणत, वैद्यमंडळी ‘ग्रंथिक सन्निपात’.

मग यशवंतच्या दवाखान्यात होतं तरी काय? प्रतिजैविकं यायला अजून चार-पाच दशकं होती. हाफकिनने आपली प्लेगची लस मुंबईत स्वतःच्या अंगावर टोचून घेतली ती १० जानेवारी १८९७ला, म्हणजे जेमतेम दोन महिने आधी. म्हणजे हाती उरलं ते निगराणी, मोकळी हवा, पाणी, पेज, शेक, पिकलेल्या गाठीला चीर, आणि बाकीच्यांपासून रोग्याला वेगळं ठेवणं. उपचाराविना गाठीच्या प्लेगमध्ये शंभरातले तीस ते साठ दगावतात. उलट बाजूने वाचलं तर शंभरातले चाळीस ते सत्तर वाचूही शकतात, कुणी तोंडाला पाणी लावणारं असेल तर. पांडुरंग त्या वाचणाऱ्यांतला होता. औषध नसताना शुश्रूषेचं मोल काय असतं, हे सांगायला याहून चांगलं उदाहरण शोधायला नको.

त्याच दिवसांत सरकार काय करत होतं? साथरोगांचा कायदा ४ फेब्रुवारी १८९७ला झाला. (हाच कायदा महाराष्ट्राने मार्च २०२०मध्ये पुन्हा बाहेर काढला.) पुण्यात प्लेग कमिटी नेमली गेली, तिचा अध्यक्ष वॉल्टर चार्ल्स रँड. गोऱ्या शिपायांच्या घरझडत्या सुरू झाल्या १३ मार्चला. सावित्रीबाईंना जाऊन तीन दिवस झाले होते. त्यानंतरचा इतिहास मराठी वाचकाला चाफेकरांच्या बाजूने माहीत आहे: २२ जून, गणेशखिंड, रँडवर झाडलेल्या गोळ्या. बायकांच्या बाजूने तो फारसा सांगितला गेलेला नाही. तपासणी कुठे व्हायची? काखेत आणि जांघेत, कारण गाठ तिथेच येते. परक्या पुरुषाने, परक्या भाषेत दरडावत, दारात किंवा रस्त्यावर. वैद्यकीय कारण खरं होतं आणि अपमानही खरा होता. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी धरून ठेवणारं पान लिहायला मोठी ताकद लागते. ती एका बाईने त्याच वेळी दाखवली. मे १८९७मध्ये पंडिता रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’ या पत्रात पुण्याच्या प्लेग इस्पितळात बायकांना मिळणाऱ्या वागणुकीवर जाहीर तक्रार केली. ती विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत पोचली. रमाबाईंना स्वच्छता नको नव्हती, विलगीकरणही नको नव्हतं. रोगी बाईच्या अंगाला हात कोण आणि कसा लावतो, हा त्यांचा प्रश्न होता. आजच्या भाषेत त्याला रुग्णहक्क म्हणतात.

मराठी मुलखातला स्त्रीहक्कांचा लढा सभेत आणि वर्तमानपत्रांत लढला गेला, असं आपण शिकतो. त्याहून जास्त तो बाळंतिणीच्या खोलीत, दवाखान्यात आणि कोर्टातल्या डॉक्टरी साक्षीत लढला गेला. रखमाबाईंचं उदाहरण घ्या. बालपणी लावलेलं लग्न मान्य नाही म्हणून त्या उभ्या राहिल्या. नवरा दादाजी भिकाजी याने १८८४ला दावा लावला. न्यायमूर्ती पिन्हींनी १८८५ला त्यांच्या बाजूने निकाल दिला, तो अपिलात टिकला नाही आणि १८८७ला नवऱ्याकडे जा नाहीतर तुरुंगात जा, असा हुकूम झाला. तडजोड झाल्यावर त्या लंडनला गेल्या, १८९४ला डॉक्टर झाल्या आणि पुढे सुरत-राजकोटला आयुष्य घालवलं. त्यांना वाढवणारे सावत्र वडील सखाराम अर्जुन हे स्वतः डॉक्टर होते, हे विसरून ही कथा नीट समजणार नाही. संमतिवयाचा कायदा १८९१ला झाला, वयाची मर्यादा दहावरून बारा झाली, तीही कलकत्त्याच्या फुलमणी नावाच्या कोवळ्या मुलीच्या मृत्यूनंतर. लग्नाच्या नवऱ्याच्या जबरदस्तीने रक्तस्राव होऊन ती मेली. शास्त्रांच्या वचनांवर घमासान चाललं होतं. त्यात तिच्या शवचिकित्सेने जे सांगितलं, ते कुठल्याही वचनाने खोडता येण्यासारखं नव्हतं.

या विषयावर लिहिणाऱ्यांची परंपराही दवाखान्याच्या आसपासच फिरताना दिसते. काशीबाई कानिटकर कादंबरीकार; त्यांनीच १९१२ला डॉ. आनंदीबाई जोशींचं चरित्र लिहिलं आणि १९२८ला प्रसिद्ध झालेल्या ‘पालखीचा गोंडा’ या कादंबरीत बाईच्या हाती राज्यकारभार दिला. आणखी मागे गेलं तर अहमदनगरला १८६२ला जन्मलेल्या कृपाबाई खिस्ती भेटतात. मद्रासच्या मेडिकल कॉलेजात १८७८ला त्यांनी प्रवेश घेतला. प्रकृतीने साथ दिली नाही, शिक्षण सुटलं, आणि त्यांच्या हातून ‘सगुणा’ आणि ‘कमला’ या कादंबऱ्या आल्या. त्या इंग्रजीत आहेत, पण त्यांतल्या सुना आणि सासवा आपल्याच घरांतल्या आहेत. १८९४ला, बत्तिसाव्या वर्षी त्या गेल्या. वैद्यक अर्धवट सोडावं लागलेल्या या बाईने बालवधूच्या शरीरावर आणि मनावर येणारा ताण ज्या नेमकेपणाने टिपला, त्याची मराठी वाचकाने अजून पुरती दखल घेतलेली नाही, ही खंत आहे.

श्री. ज. जोशींच्या ‘आनंदी गोपाळ’ने १९६८ला आनंदीबाईंना घराघरांत पोचवलं. तिचं ऋण मोठं आहे. तरी शीर्षकच सांगतं की ती एका जोडप्याची कादंबरी आहे. आनंदीबाईंचा अमेरिकेतला प्रबंध प्रसूतिशास्त्रावर होता, आणि चौदाव्या वर्षी आई होऊन दहा दिवसांत मूल गमावलेल्या मुलीने तोच विषय का निवडला असेल, हा धागा वैद्यकीय नजरेच्या लेखकासाठी अजून मोकळा आहे. मोहिनी वर्दे यांनी रखमाबाईंवर आणि अंजली कीर्तने यांनी आनंदीबाईंवर कष्टाने चरित्रं उभी केली, त्यामुळे आता कुणाला कल्पनेच्या भरवशावर चालायची गरज राहिलेली नाही. वैद्यकीय लेखनाच्या बाजूला र. धों. कर्वे आहेतच. ‘समाजस्वास्थ्य’ त्यांनी १९२७पासून १९५३ला मृत्यू येईपर्यंत चालवलं, खटले सोसले, आणि बाईच्या शरीरावर बाईचा हक्क आहे हे आरोग्याच्या भाषेत सांगितलं. मराठीत या दोन्ही वाटा खोलवर गेल्या आहेत. त्या एका लेखणीत फार कमी वेळा भेटल्या.

त्या भेटल्या नाहीत की काय होतं, याचं उदाहरण काशी या नावातच आहे. फुल्यांच्या गोष्टीत ‘काशीबाई’ येते आणि बहुतेक लोकप्रिय लिखाणांत दोन बायकांची एक होऊन जाते. सावित्रीबाईंचे पती जोतीराव फुले यांनी १८८४ला सक्तीच्या वैधव्याबद्दल सरकारला जे टिपण पाठवलं, त्यात एका काशीबाईची हकिकत आहे. ती त्यांचे स्नेही गोवंडे यांच्या घरी स्वयंपाकाला होती. एका शास्त्र्याने तिला फसवलं, दिवस राहिले, मूल झालं. लाजेपोटी तिने ते मारलं आणि विहिरीत टाकलं. तिला जन्मठेपेची, काळ्या पाण्याची शिक्षा झाली. या घटनेने हादरून फुल्यांनी आपल्या घरालगत १८६३ला बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. दुसरी काशीबाई या गृहात आली, बाळंत झाली, आणि तिचं मूल म्हणजे फुल्यांनी दत्तक घेतलेला यशवंत, पुढे ससाणे मळ्यातला डॉक्टर. पहिलीला वाचवणारं कुणी नव्हतं म्हणून दुसरीसाठी घर उघडलं गेलं. दोघींना एक केलं की ही साखळीच तुटते.

तिसरी काशी अजून लहान. डॉ. विश्राम रामजी घोले यांची मुलगी, १८७७ला वारली. तिच्या नावाने तिच्या वडिलांनी पुण्यात बाहुलीचा हौद बांधला. मुलीला शिकवतो म्हणून चिडलेल्या नातलगांनी तिला काच कुटून खायला घातली, असं सांगितलं जातं. इथे डॉक्टर वाचक अडखळतो. अगदी बारीक वस्त्रगाळ काच बहुधा फारशी इजा न करता पोटातून निघून जाते. भरड, धारदार कण आतडं फाडू शकतात. न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत हा फरक नोंदवलेला असतो. ही शंका घेणं म्हणजे मुलीच्या मृत्यूकडे पाठ फिरवणं नव्हे. उलट ‘काच घातली’ एवढ्यावर न थांबता तिचे शेवटचे दिवस कसे गेले असतील, घरात डॉक्टर बाप असताना त्याने काय काय करून पाहिलं असेल, इथवर ही शंकाच नेते. याच घोल्यांनी पुढे अर्धांगवायू झालेल्या जोतीरावांवर उपचार केले. उजवा हात गेल्यावर जोतीरावांनी डाव्या हाताने ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ लिहून पुरं केलं.

त्याच १८८४च्या टिपणात एक आकडा आहे, आणि या साऱ्या विषयाचा गाभा बहुधा त्या आकड्यात आहे. तोवर पस्तीस गरोदर विधवा त्या गृहात येऊन बाळंत झाल्या होत्या. पस्तीस मुलांपैकी पाच जिवंत होती. उरलेली तीस गेली, ती आयांनी गर्भ पाडण्यासाठी घेतलेल्या विषारी औषधांमुळे, असं जोतीरावांनी लिहिलं आहे.

इतिहासाच्या पुस्तकात हे वाक्य वाचून पुढे जाता येतं. वैद्यकीय लेखिकेला जाता येत नाही. कोणती औषधं? त्या काळच्या न्यायवैद्यकात लाल चित्रकाचं मूळ, रुईचा चीक, कण्हेर यांची नावं पुन्हा पुन्हा येतात. चित्रकाच्या मुळाने आतली कातडी भाजल्यासारखी होते, रुईच्या चिकात बुडवलेली काडी जंतुदोष आत नेते, कण्हेर हृदयावर जाते. ती काडी कुणी आणून दिली? कुठल्या महिन्यात? आणि पुढे: तीसच्या तीस बाळं फक्त विषानेच गेली असतील का? महिने भरण्याआधी जन्मलेली, उपाशी आयांची, नाळ कापताना धनुर्वात झालेली, आईचं दूध तुटून वरच्या दुधावर पडलेली मुलंही त्यांत असणार. सावित्रीबाईंनी त्या बाळांना पाजलं, पुसलं, आणि तीस वेळा हातातून जाऊ दिलं. तरी घराचं दार उघडं ठेवलं. शाळा काढणारी सावित्री सर्वांना माहीत आहे. ही दुसरी सावित्री, सुईणीची आणि परिचारिकेची, पुढे मुंढव्याच्या वाटेवर चालली. १८९७ला तिने अचानक धाडस केलं नाही. मरणाच्या जवळ बसायची तिची चौतीस वर्षांची सवय होती.

सुषमा देशपांडे यांच्या ‘व्हय, मी सावित्रीबाई’ या एकपात्री प्रयोगाने १९८९पासून सावित्रीबाईंना बोलतं केलं. तसा आवाज त्या पस्तीसजणींपैकी कुणाला मिळालेला नाही. टिपणात त्यांची संख्या आहे, नावं नाहीत. अशा वेळी कादंबरीला पुढे यावं लागतं. पण तिने येताना चित्रकाचं मूळ म्हणजे काय हे माहीत करून घेऊन यावं. नाहीतर त्या पस्तीसजणी डोळ्यांत पाणी आणणाऱ्या सावल्या होऊन राहतील.

हडपसरला परत येऊ. इथल्याच परिसरातल्या सीरम इन्स्टिट्यूटने गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाविरुद्धची ‘सर्व्हाव्हॅक’ ही देशी लस जानेवारी २०२३मध्ये आणली. लहान मुलींना ती द्यायची म्हटलं की घराघरांत जे अवघडलेपण दिसतं, त्याचा कालचा भाग या विषयाच्या पुस्तकांत वाचायला मिळतो: मुलीच्या शरीराबद्दल कोण बोलणार, कोण ठरवणार, तिला विचारणार का.

आणि ससाणे मळाच का? पुण्याच्या चारही बाजूंना मोकळी जागा होती. फुल्यांची शेती तर मांजरीला होती. उत्तर एका मुलीत आहे. राधा, हडपसरच्या ग्यानोबा कृष्णाजी ससाण्यांची लेक. ४ फेब्रुवारी १८८९ला सत्यशोधक पद्धतीने, जात न बघता, तिचं लग्न यशवंतशी झालं. विधवेच्या पोटी जन्मलेल्या मुलाला मुलगी देणं ही ससाण्यांसाठी लहान गोष्ट नव्हती. लग्नाआधी तिला सावित्रीबाईंनी आपल्याकडे राहायला आणलं होतं, दोघांनी एकमेकांना ओळखावं म्हणून. त्या काळात हे अचंबा वाटावं असं होतं. १८९५ला राधा वारली. दोन वर्षांनी प्लेग आला, यशवंत लष्करातल्या नोकरीतून रजा घेऊन आला, आणि सासू आणि नवरा दोघांनी राधेच्या माहेरच्या गावात, ससाण्यांच्या मळ्यात, रोग्यांसाठी खाटा मांडल्या.